सेनापती, सिंहासन आणि वर्धा नदी

विशेष प्रतिनिधी

वर्धा : मुंबईहून नागपूरकडे येणारी रेल्वेगाडी धामणगाव सोडते, वर्धा नदीवरचा पूल ओलांडते आणि पुलगावला पोहोचते. नदीच्या पश्चिमेला अमरावती जिल्हा, पूर्वेला वर्धा जिल्हा. ही सीमा कधी ओलांडली, याचा आज प्रवाशाला पत्ताही लागत नाही. १८०३ नंतरची सुमारे पन्नास वर्षे मात्र याच पात्राच्या पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते आणि पश्चिमेला हैदराबादच्या निजामाचे. ही सरहद्द कोणा मोजणीदाराने आखलेली नव्हती. ती रणांगणावर ठरली आणि तिच्यामागे एका जुन्या प्रश्नाचा मोठा इतिहास उभा होता. सैन्याचे नेतृत्व ज्याच्या हाती, राज्यसत्ताही त्याच्याच हाती असावी काय? आणि तशी ती गेली, तर तिला आवर घालणार कोण?

या प्रश्नाची सर्वांत परिचित कहाणी प्राचीन रोमची आहे. परंतु तोच प्रश्न विदर्भाच्या भूमीवरही वेळोवेळी उभा राहिला आणि त्याची वेगवेगळी उत्तरे येथे दिली गेली. आजच्या वर्धा जिल्ह्याचा परिसर त्या उत्तरांचा साक्षीदार आहे.

रोमने आखलेली मर्यादा

रोमच्या प्रजासत्ताकात लष्करी आणि मुलकी सत्ता वेगळ्या नव्हत्या. दरवर्षी निवडून येणारे दोन कॉन्सल हेच राज्याचे प्रमुख आणि सैन्याचेही सेनानी असत. त्यांच्या अधिकाराला 'इम्पेरिअम', म्हणजे आज्ञा देण्याचा अधिकार, असे नाव होते. हा अधिकार मोठा असला तरी त्याला तीन कुंपणे होती. मुदत एक वर्षाची, बरोबरीचा सहकारी दुसरा कॉन्सल, आणि नगराची पवित्र सीमा. त्या सीमेच्या आत सेनानीला सैन्याधिकार चालवता येत नसे. विजयाची मिरवणूक हाच काय तो अपवाद. संकटकाळी नेमल्या जाणाऱ्या 'डिक्टेटर'ची मुदतही जास्तीत जास्त सहा महिने असे.

ही कुंपणे कायद्याने नव्हे, तर व्यवहाराने मोडली. इसवी सन पूर्व १०७ मध्ये कॉन्सल झालेल्या मारियसने भूमिहीनांना सैन्यात घेतले. शेती सोडून आलेला पूर्वीचा शिपाई मोहीम संपली की आपल्या शेतावर परतत असे. या नव्या शिपायाला परतायला शेतच नव्हते. मोहिमेनंतर त्याला जमीन मिळवून देणार तो त्याचा सेनापती. साहजिकच शिपायाची निष्ठा प्रजासत्ताकाकडून सेनापतीकडे सरकली. इसवी सन पूर्व ८८ मध्ये सुल्लाने आपले सैन्य खुद्द रोमवर नेले. इसवी सन पूर्व ४९ मध्ये ज्युलियस सीझरने रुबिकॉन ही लहानशी नदी ओलांडली. ती त्याच्या प्रांताची आणि इटलीची सीमा होती आणि ससैन्य ती ओलांडणे म्हणजे उघड बंड होते. पुढे ऑगस्टसने इसवी सन पूर्व २७ पासून सिनेट, कॉन्सल, निवडणुका ही सारी नावे तशीच ठेवली आणि सैन्य तेवढे आपल्या हाती घेतले. विजयी सेनानीला शिपाई आनंदाने देत असलेले 'इम्पेरेटर' हे बिरुद राज्यकर्त्याच्या नावाचाच भाग झाले.

याची किंमत नंतर मोजावी लागली. इसवी सन १९३ मध्ये सम्राटाच्या अंगरक्षक दलाने सम्राटाचा खून करून गादीचा अक्षरशः लिलाव केला. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले आणि त्यांतले बहुतेक सैन्याने बसवले व सैन्यानेच उठवले.

शुंगांचा सेनापती आणि वरदा नदी

रोम अद्याप प्रजासत्ताक होते त्या काळात, इसवी सन पूर्व १८५ च्या सुमारास, मगधात असाच प्रकार घडला. शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला सैन्याच्या पाहणीच्या वेळी त्याचाच सेनापती पुष्यमित्र शुंग याने ठार केले आणि राज्य ताब्यात घेतले. पुष्यमित्राने दोन अश्वमेध केले. तरीही अयोध्येच्या शिलालेखात त्याचा उल्लेख 'सेनापती' असाच येतो. राजपद मिळाल्यावरही लष्करी पदवी कायम राहावी, हे रोमच्या 'इम्पेरेटर'शी मिळतेजुळते आहे.

या घराण्याचा विदर्भाशी संबंध कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' या नाटकातून सर्वांना ठाऊक आहे. पुष्यमित्राचा पुत्र अग्निमित्र विदिशेहून कारभार पाहत असताना त्याच्या सैन्याने विदर्भाच्या यज्ञसेनाचा पराभव केला. नाटकाच्या अखेरीस अग्निमित्र विदर्भाचे राज्य यज्ञसेन आणि माधवसेन या दोन चुलतभावांत वाटून देतो आणि वरदा नदी ही दोघांमधील सीमा ठरवतो. वरदा म्हणजेच आजची वर्धा. नाटक घटनेनंतर काही शतकांनी लिहिले गेले असल्याने त्यातील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येणार नाही. तथापि, जिंकणाऱ्याने याच नदीवर सीमारेषा ओढावी, ही कल्पना तेव्हापासूनची आहे, एवढे निश्चित.

वाकाटकांचे वेगळे उत्तर

विदर्भावर तिसऱ्या ते पाचव्या शतकात वाकाटकांचे राज्य होते. म्हणजे रोममध्ये सैन्य सम्राट बसवीत आणि उठवीत होते, त्याच काळात या राज्याचा पाया घातला गेला. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याने प्रवरपूर ही राजधानी वसवली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रवरपूर म्हणजे वर्धा शहराजवळील धाम नदीकाठचे पवनार, असे मत मांडले. पुढे नागपूर जिल्ह्यातील मनसर येथील उत्खननानंतर काही संशोधकांनी तो मान मनसरला दिला.

वाकाटकांच्या ताम्रपटांत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. दानपत्र लिहिले गेले तेव्हा सेनापती कोण होता, याची नोंद त्यात असते. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटात सेनापती चित्रवर्म्याचे नाव आहे, तर दुसऱ्या एका ताम्रपटात बप्पदेवाचे. येथे सेनापती हा राजाज्ञेची नोंद करवणारा अधिकारी आहे. तो बदलत राहतो, राजवंश मात्र टिकून राहतो.

दुसरा रुद्रसेन अल्पवयीन पुत्रांना मागे ठेवून मरण पावला, तेव्हा त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने राज्यकारभार हाती घेतला. तिच्या पुण्याच्या ताम्रपटावर तेराव्या वर्षाचा उल्लेख आहे. म्हणजे किमान एवढा काळ एका विधवा राणीने लहान मुलाच्या नावे राज्य चालवले. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त हा तिचा पिता होता आणि त्याचा आधार तिच्या पाठीशी होता, हे खरेच. तरीही लष्करी सत्ता मुलकी सत्तेच्या आज्ञेत राहिल्याचे हे विदर्भातील एक ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

पगारी सेनापती ते सरंजामी सरदार

मराठा राज्यातही प्रारंभी हीच शिस्त होती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सेनापती हा आठांपैकी एक होता. त्याला वेतन असे. पद वंशपरंपरेने चालत नसे आणि शिपायाचा पगार सरकारी खजिन्यातून होई. १६६६ मध्ये महाराजांनी नेताजी पालकरांना दूर करून सरनोबती प्रतापराव गुजरांकडे दिली. सेनापती बदलला म्हणून सैन्य फुटले नाही. कारण सैन्य सेनापतीचे नव्हते, राज्याचे होते.

औरंगजेबाच्या स्वारीने ही घडी विस्कटली. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना खजिना रिकामा होता. मोगलांशी झुंजणाऱ्या सरदारांना रोख देण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा त्यांना मुलूख सरंजाम म्हणून देण्याची पद्धत वाढली. मुलूख जिंकावा, त्यातून फौज पोसावी आणि चाकरी करावी, असा हा व्यवहार होता. त्या वेळी त्याला पर्याय नव्हता आणि त्यामुळेच राज्य वाचले. परंतु शिपायाला पगार देणारा हात बदलला, तशी त्याची निष्ठाही बदलली. मारियसच्या रोममध्ये जे घडले, त्याच्याशी याचे साम्य उघड आहे.

सेनासाहेब सुभा

या व्यवस्थेतूनच नागपूरकर भोसल्यांचा उदय झाला. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ते खरे शाहू की तोतया, अशी शंका घेतली जात होती. तेव्हा परसोजी भोसले त्यांच्या पक्षात प्रथम दाखल झाले आणि त्यांच्याबरोबर एका ताटात जेवून त्यांनी ती शंका फेडली. 'सेनासाहेब सुभा' हे पद आणि वऱ्हाड-गोंडवनाची कामगिरी या घराण्याकडे राहिली. शब्दाकडे पाहिले तर हे निव्वळ लष्करी पद आहे. त्यात राजा नाही, राज्यही नाही.

परसोजींचे पुत्र कान्होजी यांनी साताऱ्याची मर्जी गमावली. त्यांना पकडण्याची कामगिरी पुतणे रघूजी यांच्याकडे आली आणि १७३० च्या दशकात पदही रघूजींकडे गेले. म्हणजे तोपर्यंत हे पद देणे आणि काढून घेणे छत्रपतींच्या हाती होते. तशी ही जवळजवळ अखेरचीच वेळ ठरली.

रघूजींचा पराक्रम असामान्य होता. मे १७४० मध्ये दमलचेरीच्या खिंडीत कर्नाटकचा नवाब दोस्तअली मारला गेला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद झाला. १७४२ पासून बंगालवर स्वाऱ्या सुरू झाल्या. नवाब अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये वाटाघाटींसाठी बोलावून भास्करराम कोल्हटकर आणि त्यांच्या सरदारांची हत्या केली. तरी रघूजी हटले नाहीत. १७५१ च्या तहाने ओडिशाचा वसूल आणि बंगाल-बिहारच्या चौथाईचे वार्षिक बारा लाख रुपये नागपूरला मिळू लागले.

या विजयांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बंगालच्या खेड्यांनी या स्वाऱ्या 'बर्गी' या नावाने लक्षात ठेवल्या आणि ते नाव तेथील अंगाईगीतात आजही भीतीचे म्हणून येते. फौज जेथे मुलुखावर पोसली जाते, तेथे विजयाचा भार अखेर कोणत्या तरी कुणब्याच्या कणगीवर पडतो. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी पडू लागल्या, तेव्हा नागपूर-वर्ध्याकडच्या रयतेलाही तोच अनुभव आला. या भागातील अनेक गावांत मातीच्या गढ्यांचे अवशेष आढळतात. त्यांच्यामागे असुरक्षिततेचा हाच इतिहास आहे.

नावापुरता राजा

देवगडचा गोंड राजा चांद सुलतान मरण पावल्यावर तेथे वारसाहक्काचे भांडण उपस्थित झाले. विधवा राणीने रघूजींना मदतीस बोलावले. त्यांनी तिच्या पुत्रांना गादीवर बसवले. पुढे भावाभावांत बेबनाव झाला, तेव्हा रघूजी पुन्हा आले आणि या वेळी राहिलेच. त्यांनी नागपूर ही आपली राजधानी केली, पण गोंड राजा बुऱ्हाणशहा याला गादीवरून काढले नाही. त्याला मान आणि नेमणूक देऊन राजा हे नाव त्याच्याकडेच राहू दिले. चांद्याचे गोंड राज्यही याच सुमारास भोसल्यांकडे आले. आजच्या वर्धा जिल्ह्याचा मुलूख अशा रीतीने एका छत्राखाली आला.

ऑगस्टसने सिनेटला जसे राखले, तसे रघूजींनी गोंड राजाला राखले. साताऱ्याचे छत्रपतीही हळूहळू असेच नावापुरते उरले होते. राज्याची मुद्रा एकाकडे, तलवार दुसऱ्याकडे, ही अठराव्या शतकातील हिंदुस्थानची सर्वसाधारण स्थिती होती. अशा स्थितीत जिंकणे सोपे असते. अवघड असते ते वारसा ठरवणे. कारण तलवारीने मिळालेल्या पदावर दुसरी तलवारही हक्क सांगू शकते.

पाचगाव ते अडगाव

रघूजी १४ फेब्रुवारी १७५५ रोजी निधन पावले आणि हेच झाले. जानोजी आणि मुधोजी या पुत्रांत वाद पेटला. तो पुण्यास पेशव्यांकडे गेला. जानोजींना सेनासाहेब सुभा, मुधोजींना 'सेनाधुरंधर' हे पद आणि चांदा, असा निवाडा झाला. या निवाड्याने पेशव्यांना नागपूरच्या घरात पाऊल ठेवायला जागा मिळाली. १७६९ मध्ये कनकापूरच्या तहाने माधवराव पेशव्यांनी जानोजींवर अटी घातल्या. पेशव्यांच्या संमतीवाचून त्यांनी सैन्य कमीजास्त करू नये, ही त्यांतील एक होती. सत्तेचे मूळ कोठे आहे, हे माधवरावांनी अचूक ओळखले होते.

जानोजी १७७२ मध्ये वारले. मागे औरस पुत्र नव्हता. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी याला वारस नेमले होते, पण साबाजींनी हक्क सांगितला. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे दोघे भाऊ समोरासमोर आले. साबाजींची सरशी होत होती. ते हत्तीवरून मुधोजींच्या जवळ आले, तेव्हा मुधोजींनी गोळी झाडली आणि साबाजी ठार झाले. एका भावाच्या गोळीने वारसाचा प्रश्न सुटला.

दुसऱ्या रघूजींच्या कारकिर्दीत इंग्रजांशी सामना झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा आणि २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे भोसल्यांच्या फौजेचा जनरल आर्थर वेलस्लीने पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, देवगावचा तह झाला. कटक प्रांत गेला. गाविलगड-नरनाळा आणि लगतचे काही परगणे वगळता वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला आणि इंग्रजांनी तो निजामाला दिला. कालिदासाच्या नाटकातील वरदा पुन्हा एकदा राज्याची सीमा झाली. आर्वी, देवळी, हिंगणघाटचा शेतकरी एका राज्यात राहिला आणि नदीपलीकडची त्याची सोयरीक दुसऱ्या राज्यात गेली.

बिरुदाची अखेर

दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले. पुत्र परसोजी राज्य चालवण्यास असमर्थ होते. चुलतभाऊ आप्पासाहेबांनी कारभार हाती घेतला आणि मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले आणि आप्पासाहेब गादीवर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेशवे बाजीरावांनी खडकीला इंग्रजांशी युद्ध सुरू केले होते. त्यांनी पाठवलेली सेनासाहेब सुभा पदाची वस्त्रे आप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबरला समारंभाने स्वीकारली. रेसिडेंट जेंकिन्सच्या दृष्टीने हा समारंभ म्हणजे युद्धाची घोषणाच होती. दोन दिवसांत सीताबर्डीची लढाई पेटली आणि २७ नोव्हेंबरला ती इंग्रजांनी जिंकली.

एका जुन्या लष्करी बिरुदात अजून किती अर्थ शिल्लक होता, हे या प्रसंगाने दाखवले. इंग्रजांनीही ते ओळखले. आप्पासाहेब मे १८१८ मध्ये कैदेतून निसटले आणि १८४० मध्ये जोधपूरला निधन पावले. इकडे गादीवर बसवलेल्या तिसऱ्या रघूजींशी १८२६ मध्ये तह झाला, तेव्हा साताऱ्याशी व इतर मराठा सत्तांशी असलेला संबंध तोडण्याबरोबरच सेनासाहेब सुभा या पदाचे रिवाज सोडण्याचे कलमही त्यात घातले गेले. फौज आधीच गेली होती. आता नावही गेले. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा प्रश्न पुढे करून राज्य खालसा केले. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी येथे वर्धा शहराची उभारणी झाली.

वर्ध्यातील एक बैठक

याच शहरात जून १९४० मध्ये हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. महायुद्धात फ्रान्स कोसळला होता. काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात भरली. स्वतंत्र भारताने परचक्र आणि अंतर्गत अराजक यांच्याविरुद्धही अहिंसेच्याच मार्गाने जावे, असा महात्मा गांधींचा आग्रह होता. तेथवर आपण त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही, असे कार्यकारिणीने २१ जूनला नमूद केले आणि गांधीजींना त्या जबाबदारीतून मोकळे केले. राज्याला सैन्य लागणार, हे येथे मान्य झाले. मग उरला प्रश्न तो एवढाच, की ते कोणाच्या आज्ञेत असेल?

त्याचे उत्तर राज्यघटनेने दिले. अनुच्छेद ५३ प्रमाणे संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित होतो. 'कमांडर-इन-चीफ' हे पद १९५५ मध्ये संपुष्टात आले. १ जानेवारी २०२० रोजी संरक्षण दलप्रमुखाचे पद प्रत्यक्षात आले, तेही लोकनियुक्त सरकारला उत्तरदायी राहूनच. मुदत, वाटलेला अधिकार आणि सरकारी खजिन्यातून पगार, ही तीन कुंपणे आज शाबूत आहेत. रोमने त्यातली मोडू दिली आणि अठराव्या शतकातल्या सरदारांना ती घालून घेता आली नाहीत.

पुलगावजवळ लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. देशातील सर्वांत मोठ्या भांडारांत त्याची गणना होते. तेथून काही कोसांवर सेवाग्रामची बापूकुटी आणि पवनारचा विनोबांचा आश्रम. एकाच जिल्ह्यात ही दोन्ही ठिकाणे शांतपणे नांदत आहेत. भांडारातला दारूगोळा कोणा सेनासाहेब सुभाच्या मालकीचा नाही, म्हणूनच वर्धा नदी आज केवळ दोन जिल्ह्यांची सीमा आहे.